बाबांच्या कवळीतला उंचवटा

ती. भावोजी यांस,

सादर नमस्कार. तुमची कंबर सरळ झाली असावी आणि ताईचं बोलणं तिरकं झालं नसावं, अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत, आणि ते केवळ तुमच्यामुळे.

तुम्हाला डावलून दुसरीकडून करून घेतलेली कवळी टोचते म्हणून बाबांनी जेवण जवळपास सोडलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. तुमच्याकडे जाऊन दाखवू म्हटलं की अंगावर येत (तुमच्या धंद्याला ते ‘खोटे दात, खरी बिलं’ म्हणतात, हे ताईने सांगितलं असेलच). कंबर धरल्याने तुम्हाला येता येईना आणि साध्या फोटोत खोली कळत नाही, म्हणून तुम्ही तो जाडजूड जुना स्कॅनर पाठवलात. (पातळ स्कॅनरला काचेला चिकटलेलं तेवढंच नीट दिसतं, हे मी हल्ली लोकांना विनाकारण सांगत असते.) तुमच्या सूचनेबरहुकूम कवळी काचेवर ठेवली, झाकण बसेना म्हणून वर काळी शाल पांघरली, एक चित्र घेतलं, मग कवळी दोन बोटं बाजूला सरकवून दुसरं. एक लाल, एक निळं करून दोन्ही एकावर एक बसवली आणि लाल-निळा चष्मा लावला, तर कवळी अशी अंगावर आली की आई खुर्चीसकट मागे सरकली! तुम्हीही तिकडे चष्मा लावून पाहिलंत आणि डावीकडचा उंचवटा अचूक पकडलात. तेवढी जागा मी पॉलिश पेपरने घासली, आणि बाबांनी कच्चं गाजर कडाकडा खाल्लं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. भावोजी, हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. बाबा तर भेटेल त्याला ‘आमच्या जावयाची नजर’ ऐकवत असतात.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलंय) मेहुणी

ता. क. काल चित्रं पुन्हा निरखली. दोन चित्रांत दोन वेगळ्या कवळ्या आहेत. पहिल्या चित्रानंतर मी चष्मा शोधायला आत गेले, तेवढ्यात बाबांना फोन आला होता. बिनदातांनी बोलणं बाबांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते आपली उचलून घेऊन गेले. शालीखाली काच रिकामी पाहून आईला वाटलं, आता आपला नंबर. तिने तिची जुनी ठेवली, आणि मी येऊन तीच सरकवली. तुम्ही पकडलेला उंचवटा दोन कवळ्यांच्या फरकातून उठलेला, कोणाच्याच तोंडात नव्हता.

दुसरा ता. क. घासली तीही आईचीच. बाबांची आहे तशीच आहे. जावयाने पाहिलं, एवढ्यावर ते गाजरं खातायत. त्यांना हे सांगू नका. पण चूळ भरताना हळूच गाल धरतात, मी पाहिलंय. तेव्हा त्यांचा विश्वास झिजायच्या आत या, आणि खरी कवळी घासून जा.