ओढ्यावरचं नाव

६ जानेवारी, सोमवार
आईला घरी आणलं. दवाखान्यात बारा दिवस झाले. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, "वय एक्क्याण्णव आहे, मॅडम." म्हटलं, वय मला माहीत आहे, जेवण कसं भरवायचं ते सांगा. पातळ, बसवून, चमच्यानं.
बोलणं गेलं. तीन शब्द उरलेत. हां, नाय, आमेन.
पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावला. दिवसा बघायला संगीता म्हणून बाई ठेवली. मूळची पिशोरची. हात स्वच्छ, तोंड सतत चालू. नळाला आज आठव्या दिवशी पाणी. दोन पिंपं भरून घेतली.

७ जानेवारी
सकाळी सहाला आई जागी. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आवाज नाही. डाव्या हाताचं बोट चादरीवर थोडं सरकतं, थांबतं, परत मागे येतं. आधी वाटलं, झटका. मग लक्षात आलं. चालतेय.
आई मिशनची बायबलबाई. चाळीस वर्षं करमाडहून वाड्यावस्त्यांवर पायी जायची, बायकांत बसून शास्त्र वाचून दाखवायची. जाताना प्रार्थना, तीही खुणेखुणेनं. प्रत्येक खुणेला एक माणूस नेमलेलं. थोरली विहीर आली की एकाचं नाव, वड आला की दुसऱ्याचं. माणूस गेलं की त्याची खूण दुसऱ्या कुणाला. रिटायर होऊन माझ्याकडे आली, पण वाट सुटली नाही. बावीस वर्षं रोज सहाला पलंगावर बसून, डोळे मिटून, तीच वाट. मोठ्यानं. निम्म्या खुणा कारखान्यांच्या भिंतींखाली गेल्या, हे मी एकदा सांगून पाहिलं होतं. "जाऊ दे. माझी हीर हाय तिथंच हाय."
यादी कुठंही लिहिलेली नाही.

८ जानेवारी
मीच म्हणायचं ठरवलं. स्वयंपाकघरात इतकी वर्षं कानावर पडलंय, पाठ करावं लागलं नाही. थोरली विहीर, मार्था. वड, गुरुजींचा नातू. पडकी चौकी, शेजारच्या रझियाआपा. रेल्वेफाटक, पाळकसाहेब. प्रत्येक नावाला बोट एक पाऊल पुढे. बरं चाललं होतं.
पुढे ओढा. मी ओढा घेतलाच नाही. तिथंच आटोपतं घेतलं, "आमेन" म्हटलं.
आईनं म्हटलं नाही. बोट जागच्या जागी. दहा मिनिटं.
ओढ्यावर प्र. असतो.

९ जानेवारी
लिहून टाकते. प्र. म्हणजे माझा नवरा. कागदोपत्री अजूनही. एकतीस वर्षांपूर्वी त्याची सिल्लोडला बदली झाली, तिथं त्यानं दुसरा संसार मांडला. मी शाळा केली. मुख्याध्यापिका झाले. कुणापुढे रडले नाही.
आई राहायला आली त्याच आठवड्यात सांगितलं होतं, या घरात ते नाव मोठ्यानं नको. त्या दिवसापासून ती ओढा आला की आवाज खाली घ्यायची. तेवढाही नको म्हणून मी मिक्सर लावायचे, पार आमेनपर्यंत. वाटायला काही नसलं तरी.
त्यामुळे ओढ्यापलीकडची वाट मी कधी ऐकलेलीच नाही.

१२ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेब आले, बरोबर चर्चच्या मंडळीतले आठ जण. पाळकसाहेब तरुण, आवाज दणदणीत. चाळीस मिनिटं प्रार्थना. "प्रभू, तुझी दासी उठेल, चालेल, धावू लागेल!"
आई स्पष्ट म्हणाली, "नाय."
पाळकसाहेब थबकले. संगीतानं तोंडाला पदर लावला. मी चहा आणायला आत गेले. हसायला गेले, खरं तर.
जाताना पाळकसाहेब हळूच, "आजींचा विश्वास डळमळला तर नाही ना?" म्हटलं, त्यांच्या विश्वासाची काळजी राहू द्या, तुमच्या चपला शेजारच्यांच्या दारात पडल्यात त्या बघा.

१५ जानेवारी
ओढ्यावर दुसरं नाव घालून पाहिलं. मंडळीतलं एक आजारी बाळ. "नाय." नुसतं "ओढा" म्हणून पुढे सरकले. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पकड अजून आहे.
संगीता कपडे वाळत घालताना, "मॅडम, आजी रोज अर्ध्यातच थांबतात. कायतरी ऱ्हातंय तुमचं."
"काही राहत नाही."
"मग आमेन का म्हनंनात? आमची म्हस अस्संच करती. रेडकू मागं ऱ्हायलं की एक पाऊल टाकीत नाय. मारा, झोडा."
"संगीता, काम करा."
"करतेच की. हात कुठं थांबलाय माझा."

२० जानेवारी
रझियाआपा यखनी, मटणाचं पातळ सूप, घेऊन आल्या. त्यांची आमची गॅलरी एकच, मध्ये नुसती जाळी. आईचे पाय दाबत बसल्या. मी सहज विचारलं, म्हणजे सहज नाही, की आई सकाळी म्हणायची ते तुम्हाला ऐकू यायचं का.
"क्यों नहीं? फजर की नमाज के बाद मैं तस्बी लेके इधरीच बैठती ना. अम्माजी का चलता रहता, मेरा चलता रहता."
"ओढ्यानंतर काय म्हणायची?"
"नाले के बाद? चिंच. चिंच के नीचे सुनी."
मी यखनीचं झाकण उघडून परत लावलं.
"मैं समझी रिश्ते में कोई छोटी बच्ची होगी. तुम्हारे मिक्सर के मारे बराबर सुनाई नहीं देता था, पर सुनी तो रोज बोलते थे."
मला सगळं शहर सुनंदा मॅडम म्हणतं. सुनी म्हणणारी एकटी आई, तेही मी शाळेत जायला लागेपर्यंत.
म्हणजे बावीस वर्षं ती रोज त्याच्यावरून माझ्यापर्यंत यायची. आणि मी तेवढ्यात मिक्सर

२३ जानेवारी
आईचा राग आला. दुसरीकडून वाट नव्हती का? मला वडाखाली ठेवायचं. फाटकावर ठेवायचं. नेमकं त्याच्या पुढे कशाला?
रात्री जेवण गेलं नाही. माझी स्वतःची प्रार्थना ठरावीक असते. पुस्तक उघडायचं, त्या दिवसाची वाचायची, मिटायचं. त्यात कुणाचं नाव येत नाही. सोयीचं असतं.
आई तर कधी काही मागायचीही नाही. नाव घ्यायचं, जरा थांबायचं, पुढे. दादा, म्हणजे माझे वडील, वारले तेव्हा मी नऊ वर्षांची. धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हा बाराची. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन वाटेला लागली. कॉलेजात असताना मी तावातावानं विचारलं होतं, तू मागतेस तरी काय रोज? म्हणाली, "मागायचं काय? त्याला ठावं हाय. आपन निस्तं मानूस त्याच्यापुढं उभं करायचं."
म्हणजे प्र.साठीही तिनं काही मागितलं नसेल. भलंही नाही.

२९ जानेवारी
दोन दिवस गिळताना ठसका. डॉक्टर घरी येऊन गेले. नाकातून नळी घालू म्हणाले. आई, "नाय." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, ऐकलंत ना?
"मग फार दिवस नाहीत, मॅडम."
"बरं."
ते गेल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले. संगीता पाण्याचा तांब्या घेऊन मागे आली. तांब्या पायरीवर ठेवला आणि तिथंच बसली.
रोज सहाला आम्ही दोघी ओढ्यापर्यंत जातो. बोट थांबतं. मग ती डोळे उघडून माझ्याकडे बघते. रागानं नाही. रागानं बघितली असती तर मला सोपं गेलं असतं. आमेन म्हटल्याशिवाय ती गेली तर

३१ जानेवारी
आज घेणारच होते. ओढा म्हटलं. पाणी प्यायले, परत "ओढा" म्हटलं. नाही.
आई झोपी गेली. चाळीस वर्षं पोरींना ताठ उभं राहून बोलायला शिकवलं.

२ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला गेले नाही. आईला रात्रीपासून धाप. संगीता साडेपाचलाच हजर. "आज लवकर यावं वाटलं," एवढंच म्हणाली.
सहाला सुरुवात केली. विहीर. वड. चौकी. फाटक. ओढा.
शाळेत हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हटलं, प्रभाकर. खणखणीत. गॅलरीत रझियाआपांच्या तस्बीचे मणी थांबले.
आईचं बोट पुढे सरकलं.
मग चिंच. आणि मला माझंच नाव घेता येईना. त्याचं आलं, माझं नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार तरी आहे, ती घेऊन देवापुढे उभं राहता येतं. स्वतःला उभं करायचं तर काय घेऊन?
"मॅडम?" संगीता. मग तीच वाकली, आईच्या कानाशी. "सुनी. चला आजी पुढं."
पुढची वाट रझियाआपांनी जाळीतून सांगितली. टेकडी. पत्र्याची शाळा. एका खुणेवर अडकल्या. "इधर भी कोई था. नाम भूल गई मैं. अल्ला को मालूम." संगीतानं तेही जसंच्या तसं आईला ऐकवलं. बोट सरकलं! शेवटी वाडी.
"आमेन." एवढा आवाज तिच्यात शिल्लक होता.

५ फेब्रुवारी
आई गेली. सकाळी साडेदहा. संगीता केस विंचरत होती. फणी हातातच राहिली.
तीन दिवस वाट पुरी झाली. आजही. सुनी आज मी म्हटलं, पण पुटपुटत. शाळेत असं उत्तर दिलेलं मी चालवून घेतलं नसतं.
पाळकसाहेबांना फोन. करमाडला फोन. कुणीतरी तिकडून सिल्लोडलाही कळवलं असावं.

६ फेब्रुवारी
छावणीतल्या कबरस्तानात माती दिली. वाड्यांवरून टेंपो भरून म्हाताऱ्या बायका आल्या. त्यातल्या निम्म्या ख्रिस्ती नव्हत्या. एक जण म्हणाली, "बाई आमच्या बांधावरनं जाताना माझं नाव घ्यायची, ठावं हाय का तुला?" ठाऊक नव्हतं. कुठली खूण, विचारायचं राहिलं.
मूठमातीच्या रांगेत एक म्हातारा, काठी टेकत. स्वेटरची गुंडी चुकलेली. जवळ येईपर्यंत ओळखलं नाही. मुठीत माती घेऊन तो तसाच थांबला, माझ्याकडे बघत. सगळी मंडळी बघायला लागली.
म्हटलं, "रांग अडवू नका. माती टाका."
टाकली. मग फाटकापाशी माझी वाट बघत उभा. "सुनंदा, आई माझं नाव घ्यायच्या का गं, शेवटपर्यंत?"
"मला माहीत नाही."
खोटं. आईवरची माती ओली असताना. मान हलवली त्यानं आणि गेला. रिक्षात चढताना दोनदा पाय घसरला. कुणीतरी धरलं.

७ फेब्रुवारी
सहाला जाग आली. पलंग रिकामा. खुर्ची ओढून बसले. पुस्तक घेतलं नाही.
थोरली विहीर. वड. चौकी. फाटक. मोठ्यानंच म्हणत होते. जाळीपलीकडे रझियाआपा होत्या, खोकल्या एकदा.
ओढा.
आता वगळलं तरी मनगट धरायला कुणी नाही. सरळ चिंचेवर जाता येईल. परवापर्यंत नाव घेतलं ते आईसाठी. आज कुणासाठी घ्यायचं? आणि घेतलं तर तो नुसता प्रभाकर राहत नाही, चुकलेल्या गुंडीचा तो म्हातारा समोर येऊन विचारतो, शेवटपर्यंत का?
दूधवाल्यानं बेल वाजवली. परत वाजवली. "थांब," म्हणून ओरडले आतूनच.
सात वाजले. अजून ओढ्यावरच आहे.