मर्लच्या शर्टाचं शेपूट

८ नोव्हेंबर
शिकारीच्या कॅम्पवर लाकडं टाकायला गेलो. शेपूट अजून तिथेच. स्टोव्हच्या वर, दारातून शिरणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं. माझ्या निळ्या फ्लॅनेल शर्टाचं. खाली सासरेबुवांच्या अक्षरात चिठ्ठी: कर्टिस, चुकला.

हरणावर नेम चुकला की शर्टाचा मागचा भाग कापून भिंतीवर ठोकायचा, ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. रीतीबद्दल तक्रार नाही. पण कात्री चालवली मर्लने, माझ्या बायकोच्या, आर्लीनच्या सख्ख्या भावाने, आणि कापताना गात होता. गाणं रीतीत बसत नाही.

हरीण मारलं की जुनं शेपूट उतरवता येतं. निश्चय: नाताळनंतर ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सुरू झाला की माझं शेपूट उतरणार आणि त्याच खिळ्यावर मर्लचं चढणार. मर्लचा नेम चुकेल कसा, हे नंतर ठरवू.

१४ नोव्हेंबर
विचार केला. मागच्या वर्षी चूक माझी नव्हती, वेगाची होती. मर्ल शिशाची गोल गोळी वापरतो आणि आजोबांच्या मापाने सत्तर ग्रेन बंदुकीची दारू ओततो. विज्ञान म्हणून काही नाही. मला सेकंदाला दोन हजार फूट हवेत. एवढ्या वेगापुढे हरणाला कान हलवायलाही सवड मिळणार नाही.

आर्लीन म्हणाली, पण मागच्या वर्षी ते हरीण नुसतं उभंच होतं ना? विषय बदलला.

२१ नोव्हेंबर
लांबट, जड गोळ्या आणल्या. इंटरनेटवर सगळे यांचीच स्तुती करतात. कागदावर झाडल्या. भोकं गोल नाहीत, लांबुडकी. म्हणजे गोळ्या आडव्या होऊन पोचल्या. काही कागदापर्यंत आल्याच नाहीत.

दुकानदार म्हणाला, अहो, तुमच्या नळीचे आटे गोल गोळीसाठी केलेत. लांबट गोळी त्यात नीट फिरत नाही, कोलांट्या मारते. मला हे माहीतच होतं. खात्री करून घेतली इतकंच.

पुन्हा गोल गोळी. पण मर्लची गोल गोळी आणि माझी गोल गोळी यांत तत्त्वाचा फरक आहे.

२८ नोव्हेंबर
वेग मोजायचं यंत्र आणलं. नव्वद ग्रेनला अठराशे सत्तर. शंभरला एकोणीसशे तीस! खांदा काळानिळा, पण मर्लचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की दुखत नाही.

एकशे दहाचा आकडा कळला नाही. गोळी यंत्रातच शिरली. एवढ्याशा यंत्राच्या बरोबर मधोमध. नेम किती पक्का झालाय ते यावरून दिसतं.

६ डिसेंबर
चर्चबाहेर मर्ल भेटला. यंत्राचं त्याला कोणी सांगितलं? (आर्लीन.) सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे कर्टिस, ते यंत्र खायचं की भुसा भरून भिंतीवर लावायचं? पाद्रीसुद्धा हसला. पाद्र्याचं नंतर बघू.

२५ डिसेंबर
आर्लीनने शर्ट दिला. लाल-काळ्या चौकड्यांचा, लोकरीचा, मागून चांगला लांब. हरणाशेजारी फोटोत उठून दिसेल. तिने विचारलं, कॅम्पवर हाच घालणार? जुना घाल की. जुना घालणं म्हणजे हार मान्य करणं.

मर्लने नवीन वेगयंत्र भेट दिलं. रिबीन बांधून दिलेला टोमणा. थँक्यू म्हणालो. दात आवळून.

२६ डिसेंबर, पहाटे
कॅम्प. बाहेर बर्फ. दारूची मापं घरूनच करून आणली आहेत. प्रत्येक माप वेगळ्या काचेच्या कुपीत, कुपीवर नंबर, चुकायला जागाच नाही. एकीकडे बंदूक भरत होतो, तेवढ्यात मर्ल कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, मग, आज किती वेग? मी सविस्तर सांगितलं. गोळी ठासून होईपर्यंत सांगत होतो. तो मान डोलावत ऐकत होता. घाबरलाय.

२६ डिसेंबर, संध्याकाळ
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. हरणाची मादी आली. अगदी जवळ. चाप ओढला. ठिणगी पडली, नळीबाहेरच्या छोट्या पेल्यातली पेटवणीची दारू फुस्स करून जळली. पुढे नळीतला बार काही उडाला नाही. मादीने माझ्याकडे पाहिलं. पेला भरला, पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा फुस्स. मादी रवंथ करत निघून गेली, सरळ मर्लच्या दिशेने. त्याच्या बंदुकीचा बार ऐकला. मग शिव्या.

मर्ल चुकला! वरच्या चढावरून माझं फुस्स बघत होता म्हणे, आणि हसून हसून त्याचा हात हलला. म्हणजे योजना यशस्वी.

कॅम्पवर सासरेबुवांनी बाजूच्या छिद्रातून चिमूटभर दारू आत सरकवली आणि ती पेटवून माझी गोळी काढली. ती नळीतून बाहेर आली आणि बर्फावर दोन पावलांवर बसली. मी म्हणालो, पॉप, माझा बारच झाला नाही, मग चुकलो कसा? ते म्हणाले, गोळी निघाली ना? हरणाला लागली का? मग वाक.

नवा शर्ट. पुन्हा मर्ल. पुन्हा गाणं. चिठ्ठीवर या वेळी वेगही लिहिला: पायी.

मग कात्री माझ्या हातात आली. वर्षभर या घडीची वाट पाहिली होती. मर्ल स्वतःच पाठ करून उभा राहिला, म्हणाला, सढळ हाताने काप रे, आणि माझं याच्या शेजारीच लावा. गालातल्या गालात हसत होता. असं कापण्यात काय मजा?

दारू ओलसर असणार. कंपनीला खरमरीत पत्र लिहितो.

१ जानेवारी
जेवायला सगळे आमच्याकडे. डुकराचं मटण आणि आंबवलेली कोबी. शर्ट मागून आखूड झालाय, बसलं की कमरेला गार लागतं. सासरेबुवांना ओलसर दारूबद्दल सांगत होतो. कंपन्या हल्ली कशा फसवतात वगैरे. तेवढ्यात आर्लीन आतून आली, म्हणाली, तुझं जाकीट धुवायला काढलं, खिशात हे सापडलं. आणि माझ्या ताटाशेजारी एक काचेची कुपी ठेवली.

शंभर ग्रेन. नंबर एक, पहिल्या बाराची. बूच लावलेलं. काठोकाठ भरलेली.

सासरेबुवा तेव्हा ताटात बघत होते. मर्लने पाहिलं. कुपीकडे, मग माझ्याकडे. मी डोळे मिटून वाट पाहिली. आता हा बोलणार, आणि मरेपर्यंत बोलत राहणार.

शेवटी डोळे उघडले तर कुपी नव्हती. त्याच्या खिशाचं बटण लावलेलं होतं. म्हणाला, ओलसर दारूचा काही भरवसा नाही बघ, आणि मला कोबी वाढली.

आता याचा सूड कसा घ्यायचा?