सतरा नंबरचा खुंटा

खैरवाडी, रेणापूरजवळ, जिल्हा लातूर
(शिक्का उस्मानाबादचा उमटला असेल. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण आमच्या कचेरीला नवा शिक्का आलेला नाही.)
शुक्रवार, २५ एप्रिल १९८६

गुरुबसप्पा दाजींना मडिवाळप्पाचा शरणार्थ.

तुमची आणि कमलक्काची तब्येत ठीक असावी. मुदखेडला बसवराजच्या रेल्वे क्वार्टरमागच्या विहिरीला अजून पाणी आहे आणि बैल तिथं रुळला, हे तुमच्या कार्डावरून कळलं. बरं वाटलं. (आधी हेवा वाटला, मग बरं वाटलं. रोजनिशीत हाच क्रम लिहिला आहे.) इकडे टँकर पाच दिवसांनी येतो. उमादेवी भांडी राखेनं कोरडीच घासते आणि माझ्याकडे बघत घासते. त्याचं कारण पुढं येईल.

तुम्ही गेल्यापासून आपल्या गुरांच्या बाजारात एक शेपूट आलेलं नाही. दुष्काळामुळं सगळी जनावरं चारा छावणीत. तरी दर गुरुवारी फाटक उघडायचं, आवक वही मांडायची आणि ‘निरंक’ लिहून सही करायची, हे माझं काम. पाडव्याच्या आधीच्या गुरुवारी वही मांडून मान वर केली, तर अकरा खुंट्यांपाशी अकरा कुत्री बसलेली. फाटकावर निवृत्ती होता. त्यानं एकालाही आत येताना पाहिलं नाही. (तो डुलकी घेत होता का, हे मी विचारलं. तो रागावला. माझं विचारणं योग्य होतं का, यावर अजून विचार चालू आहे.) गुराखी लोक राखणीचं कुत्रं बाजारात आणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण इथं गुरं नव्हती, माणसं नव्हती, नुसती राखण आलेली. एकही भुंकत नव्हतं. संध्याकाळी निवृत्ती फाटक लावायला गेला तेव्हा खुंटे रिकामे होते. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

आता माझी चूक. नियम म्हणतो, बाजाराच्या दिवशी खुंट्यापाशी असलेलं प्रत्येक जनावर वहीत चढवावं. कुत्रं हे जनावर आहे. मी ‘आवक अकरा, उपकर निरंक’ असं लिहिलं. शिवाय श्वानकल्याणाचे जे नवे नियम आले आहेत, त्यांत दहाच्या वर कुत्री जमतील तिथं सावली आणि पाणी ठेवावं असं आहे. म्हणून हौदात दोन घागरी ओतल्या, त्या घरच्या. (राख इथून सुरू झाली.) शेजारच्या टेबलावरचे शेषेराव म्हणाले, “आप्पा, आता कुत्र्यांचे अंगठे बी घ्या, म्हंजी वही पुरी होईल.” मी खरंच नियम काढून पाहिला. अंगठ्याची तरतूद नव्हती.

या नोंदीचा कागद मुंबईला पोचला. तिथं विधिमंडळाची एक समिती सरकारनं केलेले नियम तपासते. श्वानकल्याण आणि बाजाराचा उपकर हे दोन्ही विषय योगायोगानं तिच्यापुढं एकाच आठवड्यात होते, आणि महाराष्ट्रात एकाच गावच्या कागदावर दोन्ही एकत्र सापडले. मग दोन जीपगाड्या भरून समिती खैरवाडीत आली, ती मंगळवारी. मंगळवारी कुत्री येत नाहीत. अध्यक्षांनी रिकामे खुंटे पाहिले, मला पाहिलं आणि खोटी नोंद केल्यास काय होतं ते सौम्य शब्दांत सांगितलं. मी म्हणालो, गुरुवारी या. ते आले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

गुरुवारी अकराही हजर होती. समिती कडुनिंबाखाली खुर्च्यांवर बसली. एक सदस्य म्हणाले, फाटकातून आत आलं म्हणजे उपकर लागू. दुसरे म्हणाले, घ्यायचा कुणाकडून? अर्धा तास यावर चर्चा झाली आणि त्या वेळात कुत्र्यांकडे कुणी पाहिलं नाही. साडेअकरा वाजले. पूर्वी व्यापारी याच वेळी आत यायचे. अकरा माना एकदम फाटकाकडे वळल्या. फाटकात कुणी नव्हतं. मग त्या माना हळूहळू, एकेक करून, खुंट्यांच्या रांगेनं वळत गेल्या, कुणीतरी गुरं पाहत, दात मोजत पुढं चालल्यासारख्या. रांग खुर्च्यांपर्यंत आली तेव्हा अध्यक्षांनी आपली खुर्ची वाट देण्यासाठी मागं घेतली. (त्यांनी ती घेतली हे नंतर त्यांनाच कबूल नव्हतं. मी वेळेसह टिपून ठेवलं आहे.) चहावर साय धरली.

जाताना एका म्हाताऱ्या सदस्यांनी हौद पाहून विचारलं, “पितात का?” मी खरं सांगितलं, तोंडसुद्धा लावत नाहीत. तेव्हा निवृत्ती बोलला. “साहेब, राखणीचं कुत्रं हाय. जितराब प्याल्याबिगर ते पाण्याला तोंड लावत न्हाई. लई वंगाळ सवय.” यावर समितीनं निर्णय लिहिला. गुरुवार, एक मेपर्यंत मालक हजर करा, न मिळाल्यास कुत्री बेवारस समजून श्वानकल्याण नियमान्वये त्यांची विल्हेवाट लावावी.

खुंटे पिढीजात वाटलेले असल्यामुळे वहीवरून मालक सापडले. छावण्यांना निरोप गेले. कालच्या गुरुवारी दहा जण एकेक जनावर घेऊन आले. जनावर हौदावर प्यालं की मागून कुत्रं प्यालं, आणि धन्याच्या मागं निघून गेलं. चार घागरी लागल्या. उमादेवीनं त्या स्वतः आणून ओतल्या.

राहिलं एक. सतरा नंबरचा खुंटा.

कमलक्काला शरणार्थ. बसवराजला आशीर्वाद. पत्र लांबलं, राग मानू नये.

तुमचा मेहुणा,
मडिवाळप्पा

ता.क. सतरा नंबरचा खुंटा तुमचा. कुत्र्याचा डावा कान अर्धा आहे. ‘करिया’ म्हटलं की शेपूट हलतं.

ता.क. दुसरा. तुम्ही अक्काला सांगितलंत की करिया होळीला मेला आणि तुम्ही त्याला बाभळीखाली पुरला. मी तुमच्या शब्दावर शंका घेत नाही. तुम्ही ट्रकात बैल चढवलात त्या दिवशी गडबड होती, जागा कमी होती, एवढंच मला आठवतं. बाभळीपाशी जाऊन आलो. तिथं उकरल्यासारखं दिसलं नाही, पण वारा फार आहे. आणि तो उन्हात जिथं बसतो ती जमीन दोनदा हात लावून पाहिली. दोन्ही वेळा गार लागली. म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरावा आहे.

ता.क. तिसरा. काल संध्याकाळी तो इतरांसारखा गेला नाही. माझ्या मागं घरापर्यंत आला. आता उंबऱ्याशी बसला आहे, तोंड मुदखेडच्या रस्त्याकडे. उमादेवीनं पितळी भरून ठेवली आहे. तो पीत नाही. तुमचा बैल आधी प्यायला हवा, दाजी. करिया खरंच मेला असेल तर सवडीनं या. मेला नसेल तर गुरुवारची वाट पाहू नका.