दाताच्या डॉक्टरांच्या कोटावरचा लाल ठिपका

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (तोंड मिटूनच करतोय, कारण पुढे कळेल). तुझे गुडघे काय म्हणतात? साखर आली का ताब्यात? माझी नाही. गोळ्या वेळेवर घेतो, गोड सोडलंय, तरी ती खाली यायचं नाव घेत नाही. मी आपला तपासणीच्या यंत्राला शिव्या देत होतो. खरा प्रकार दाताच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटामुळे उघड झाला.

तो कोट माझ्याकडे शिवायला होता. मी दोरा दातांनी तोडतो, हे तू जाणतेसच (गळ्यातली कात्री शोभेला). डॉक्टर कोट न्यायला आले, तर शेवटच्या बटणाशी लाल ठिपका! मी म्हटलं, सुई टोचली. त्यांनी माझी सगळी बोटं उलटसुलट पाहिली, कुठे ओरखडा नाही. मग बटणाचा चावलेला दोरा पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, आ करा.” भरल्या दुकानात, माझ्याच मशीनचा दिवा माझ्या तोंडाकडे वळवून! जन्मभर लोकांची मापं घेतली, त्या दिवशी गिऱ्हाइकांनी रांगेत उभं राहून माझं घेतलं.

हिरड्या सुजलेल्या, दातांवर कीटण, खालचे पुढचे दोन दात हलताहेत. जिथे रक्त येतं तिथे ब्रश लावायचा नाही, एवढी भूतदया मी पाळत होतो. ती रोगाला फार मानवली. डॉक्टर म्हणाले, हिरड्या अशा सुजल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. दोघी एकमेकींना सामील! हृदयाच्या दुखण्याशीही याचा संबंध दिसतो म्हणे. मी म्हटलं, पण दुखत तर काहीच नव्हतं. म्हणाले, तीच याची लबाडी. आता साफ करून घेतलं आणि रोज नीट घासलं, तर दात बहुधा वाचतील. मी त्या ‘बहुधा’पाशीच अडकलो. दात गेले तर दोरा कशाने तोडू? (बायको म्हणाली, कात्रीने. तिला कलेतलं काही कळत नाही.)

असो. शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. भीती अजिबात वाटत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : वाटते. तू सोबत ये.

आणखी एक ता. क. : वेळ दोघांची घेतली आहे. मागच्या खेपेला तुझ्या बेसिनमध्ये लाल पाणी दिसलं, तेव्हा तू म्हणालीस, बीट खाल्लं. ताई, त्या दिवशी भाजी मीच आणली होती. त्यात बीट नव्हतं. तुझी साखरही खाली येत नाही, मला काळजी वाटते. खुर्चीत आधी तू बस, थोरलीचा मान. मी शेजारी उभा राहून तुझा हात धरीन (म्हणजे तू माझा धर).