दोन सांसूसी

फेर्नां,

काल तुझी नात ओरेली, तुमच्या सांसूसी घराण्याची वंशावळ शोधत माझ्याकडे आली. चर्चची जुनी दफ्तरं मी सांभाळते, हे तिला कुणीतरी सांगितलं. हनुवटी अगदी तुझी आहे.

आमचा मूळपुरुष गोदबू. फ्रान्सच्या राजाचा शिपाई म्हणून क्वेबेकला आला, आणि पलटणीत त्याला सांसूसी हे टोपणनाव मिळालं. त्याची काही मुलं गोदबू राहिली, काहींनी टोपणनावच आडनाव म्हणून लावलं. म्हणून तर आपल्या लग्नाचं काढल्यावर आई मला म्हणाली होती, "ते सांसूसी आपल्याच रक्ताचे. भाऊ लागतो तो तुझा, लाज नाही वाटत?" तू दुसरीकडे लग्न केलंस. मी केलंच नाही.

इतकी वर्षं दफ्तरं माझ्या हाताखाली होती, पण तुमचं पान मी कधी उघडलं नाही. काल ओरेलीसाठी उघडलं. तुमचा सांसूसी वेगळाच निघाला, दुसऱ्या पलटणीतला. कप्तान लोक तीच दहा-बारा टोपणनावं सगळीकडे वाटत असत. आपलं काही नातं नव्हतं, फेर्नां.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. तुझ्या बायकोनं माझं काही वाईट केलेलं नाही.

ओरेलीनं माझं वाटाण्याचं सूप दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही आमच्या कोण लागता?"

मी दफ्तर मिटलं. "लांबची आत्याआजी लागते गं."

कुणीच नाही म्हटलं असतं, तर ती पुढच्या रविवारी पुन्हा कशाला आली असती?

तुझी कुणीच न लागणारी,
ल्युसिल गोदबू