मुंगीसाठी वेगळा पाव

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत फोनवर घसा फोडून शेजाऱ्यांची करमणूक करण्यापेक्षा पत्र बरं, म्हणून बसलो आहे. माझं अक्षर लागलं नाही तर चष्म्याला दोष देऊ नकोस, माझ्या हाताला दे.

तू मागे लागली होतीस म्हणून आमच्या मुंगीला अखेर मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दहाव्या वर्षी तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती मध्येच थांबते आणि चपलेचा पट्टा नीट करण्याचं सोंग करते. रक्तातली साखर अगदी काठावर आली आहे. बाईंनी साखर, पीठ, भात, बटाटा खूप कमी करायला सांगितलं. अंडी, मासे, भाज्या, दही पोटभर. उपाशी ठेवायचं नाही, वाढतं वय आहे, दर महिन्याला त्या स्वतः तपासणार, आणि घरच्या घरी डोकं चालवायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मग मी काय करतो ते विचारलं. ताई, माझी बेकरी आहे हे सांगायची मला लाज वाटली. दुकान आहे एवढंच म्हणालो. बाहीला पीठ लागलेलं होतं, ते त्यांनी पाहिलंच असणार.

भट्टीवरच्या कारागिराला हे कळल्यावर तो म्हणाला, मुंगीलाच साखर बंद, हे पहिल्यांदाच ऐकलं. सगळे हसले, मीही हसलो आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिलो.

आमचं घर बेकरीच्या वरच. पहाटे पहिला घाणा निघाला की वास थेट तिच्या उशीपर्यंत जातो. ती हट्ट करत नाही, खिडकी लावून घेते. म्हणून मी बाईंना विचारून बदामाचं पीठ आणि अंडी घालून तिच्यासाठी वेगळा पाव करायला घेतला. पहिला पाव खाली बसला तो बसलाच. पोरीने तो तसाच चावून चावून खाल्ला आणि छान झालाय म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते. चार-पाच वेळा फसल्यावर आता हाताला युक्ती सापडली आहे. काय ते विचारू नकोस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रोज तीन-चार काप आवडीने खाते. सौ. खूश आहे. तिने तुला नमस्कार सांगितला आहे.

तब्येतीला जप आणि या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. खोटं बोलू नये, आईबाबांना फसवू नये, हे तू फार सुंदर अक्षरात लिहिलं आहेस. मी ते आतल्या बाजूने कपाटाला लावलं आहे, म्हणजे मैत्रिणी आल्या तर दिसणार नाही.

माझं वजन दुसऱ्यांदा वाढलं. आई म्हणाली, घरात सगळं नियमाने चाललंय, तर मग हे येतं कुठून? काटा काही खोटं सांगणार नाही. तिने माझं दप्तर बघितलं, खिसे बघितले, पलंगाखाली वाकून बघितलं. बाबा तिथेच उभे होते. ते खाली गेले. आता दुकानातल्या बिस्किटांच्या बरण्या वरच्या फळीवर आहेत, तिथे माझा हात पोचत नाही. बरण्या वर का ठेवल्या असं गिऱ्हाइकांनी विचारलं की मी दुसरीकडे बघते.

शेवटी मी कबूल केलं की मी बिस्किटं चोरून खाते. आईने किती ते विचारलं. मी आधी तीन म्हटलं, पण तिचा विश्वास बसेना, म्हणून मग सहा म्हटलं. त्यानंतर ती ओरडायची थांबली, नुसती रडली. ते जास्त वाईट होतं. पुढच्या खेपेला गोळ्या सुरू करायच्या का ते डॉक्टरीणबाई ठरवणार आहेत, कारण मी ऐकत नाही.

तू माझ्यावर रागावू नकोस. रागावली असशील तर निदान बाबांवर रागावू नकोस, ते माझ्यासाठी सगळ्यांच्या आधी उठून वेगळा पाव करतात. तो इतका छान होतो की तुला खोटं वाटेल. तुमच्या गावी माल न्यायला आमच्याकडची गाडी येते, तिच्या ड्रायव्हरकाकांबरोबर एक पाठवते आहे. लोणी लावून खा. मला पण लोणी चालतं.

मोठ्यांना नमस्कार. माझा लाड करणं बंद करू नकोस, तेवढं तरी चालू राहू दे.

तुझी,
मुंगी


दि. २६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला. तो आज तुला द्यावा की नाही याचा मी विचार करते आहे.

पाव पोचला. काय सुरेख फुगला होता! कापला आणि एक तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबले. अरे, आपण दोघं एकाच भट्टीच्या उबेला वाढलो. आपल्या वडिलांनी आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधी पिठाची ओळख करून दिली. बदामाच्या पिठाला असा ताण येत नाही हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तुझ्या पावात बदाम आहे तो वासापुरता. बाकी निम्माशिम्मा मैदा आहे, खरं ना? आणि तो रोज तीन-चार काप, पथ्याचा म्हणून!

तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला सांगू नकोस, ते मला माहीत आहे. मला विचारायचंय ते हे, की वहिनी पोरीचे खिसे उलटे करत होती तेव्हा तू खाली निघून कसा गेलास? मुलगी बिस्किटांचा आकडा वाढवून सांगते, कारण खरं सांगून तिची सुटका होत नाही. आयुष्यभर मी नर्स म्हणून राबले, पोरं औषध लपवतात, दुखणं लपवतात, सगळं पाहिलं. न केलेली चोरी अंगावर घेणारं पोर आपल्याच घरात निघावं!

मी तरी काय मोठी शहाणी? वहिनीने कळवलं आणि मी शहानिशा न करता कार्ड लिहून मोकळी झाले. ते तिने कपाटाला आतून लावलंय. हे वाचल्यापासून मला माझ्याच अक्षराची शरम वाटते आहे. गोळ्या ठरायच्या आधी बाईंना सांग. वहिनीला सांग. आणि पोरीला तू सांग, दुसऱ्या कुणाकडून वदवू नकोस.

पत्राची वाट पाहते. माया आहे, म्हणूनच इतकं टाकून बोलले.

तुझी,
ताई


दि. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बेकरीतच उघडलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं. कारागिराने काय झालं विचारलं, तर ताईला बरं नाही म्हणालो. बघ, तिथेही खोटंच.

सुरुवात मूठभरानेच झाली. फसलेला पाव तिला पुन्हा चावताना बघवेना, म्हणून एक मूठ मैदा टाकला. एकदा पीठ हाताला ताणू लागलं की माझा हात थांबत नाही गं. मळताना डोकं काही म्हणत होतं, पण हात आपल्या मनासारखं होईपर्यंत टाकत गेला. पाव फुगला, ती हसली. मग पहिल्या महिन्यात वजन वाढलं तेव्हा बोलायला हवं होतं. गप्प बसलो. दुसऱ्या महिन्यात बोलणं आणखी अवघड झालं. सौ. दप्तर उपसत होती आणि मला भट्टी आठवली. मी पळून गेलो, ताई. त्याला दुसरा शब्द नाही.

आधी सौ.ला सांगितलं. ती मुंगीचा शाळेचा फ्रॉक इस्त्री करत होती. तिने इस्त्री बंद केली, फ्रॉकचे खिसे हाताने सरळ केले आणि आत निघून गेली. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. डॉक्टरीणबाईंना सांगताना आधी माझी बेकरी आहे तेही सांगितलं, तर त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पथ्य अजून खऱ्या अर्थी सुरूच झालेलं नाही, तेव्हा गोळ्यांचं आत्ता काही नाही, असं म्हणाल्या. आणि पथ्याने गुण येवो न येवो, खाण्यावरून पोरीला पुन्हा कुणी गुन्हेगार करायचं नाही, हे लिहून दिलेल्या औषधासारखं पाळा, असंही म्हणाल्या.

मुंगीला मात्र सर्वांत शेवटी सांगितलं, कारण भीती तिथेच जास्त होती. दुकान बंद केल्यावर तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मैदा मी घालत होतो, वजन माझ्यामुळे वाढलं, तू काही चोरलं नाहीस हे मला ठाऊक होतं आणि तरी मी गप्प राहिलो. ती रडेल, ओरडेल, माझ्याशी बोलणं टाकेल, असं सगळं मनाशी धरून बसलो होतो. तिने विचारलं, म्हणजे मी झोपेत उठून खात नाही ना?

सगळे इतकं खात्रीने सांगत होते, म्हणून तिला वाटलं होतं की आपण झोपेत खात असू आणि सकाळी विसरत असू. म्हणून ती रोज निजताना माझ्या जुन्या ॲप्रनच्या बंदाने आपला पाय पलंगाला बांधत होती. मी वर जाऊन पाहिलं. घोट्यावर वळ उठला आहे.

या खेपेला माझ्यासाठी काही मागत नाही. तिला लिही.

धाकटा