चावी कुणाच्या खिशात

म्हसावद
शनिवार

प्रिय चंदू,

सोबतच्या पिशवीची गाठ लगेच सोडू नकोस. आधी हे पत्र वाच, शेवटपर्यंत वाच, मग सोड. तुला ओळखते म्हणून सांगते. राखी बांधून होण्याआधीच ताटातला पेढा तोंडात टाकणारा तू! फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसता "हां ताई, हां ताई" करतोस, तुझ्या मागे कुणीतरी लोखंडावर हातोडा आपटत असतो, आणि मला जे बोलायचं ते राहूनच जातं. शेजारच्या तुळशीबाईंचे जावई पपईची गाडी घेऊन सुरतेला निघालेत. जाताना नवापूरला तुझ्या गॅरेजवर पिशवी देतो म्हणाले. ते चहा पिताहेत तोवर मी लिहून टाकते. परवा सोमवार. योगेंद्रमामांना तू सोमवारी उत्तर द्यायचं कबूल केलंयस, आणि त्या सोमवारच्या धास्तीनं या घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरलेला नाही.

मामांची बाजू तुला पाठ आहे. वायरमनच्या कामावर उमेदवारी लावून देतो, त्यांच्याच हाताखाली, घरापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर, सकाळी जा आणि दिवेलागणीला जेवायला घरी. आईला याहून जास्त काही नकोच आहे. गेले कित्येक दिवस तिचं एकच पालुपद, "वायरमन व्हई जाय म्हना त्याले." मी एकदा गमतीनं म्हटलं, अगं वायरमनला शॉक लागतो. तर तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारात पडली. दुसऱ्या दिवशी म्हणे, मग वेल्डिंग? संध्याकाळी स्वतःच म्हणाली, नको, डोळे जातात. मग ड्रायव्हरकी. नको, घाट आहे. मग आपल्या भूपेशसारखं कॉम्प्युटरचं दुकान. ते मात्र तिला फार आवडलं. पंख्याखाली खुर्ची, लोकांचे दाखले छापायचे. पण तुला त्या खुर्चीत कल्पून मलाच हसू आलं. भूपेशच्या दुकानात लाईट गेली की तो बाहेर ओट्यावर येऊन जांभया देतो. तू असतास तर तोवर शेजारच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन खोलून बसला असतास.

तुझी ओढ मला ठाऊक आहे रे. उसाच्या ट्रॉल्या आपल्या दारावरून जायच्या तेव्हा बाकीची पोरं ऊस ओढायला धावायची आणि तू तिथंच उभा राहून ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचास. "ताई, याचं एक नोझल बाद शे," असं तू मला गंभीरपणे सांगितलंस तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते. आई स्वयंपाकघरातून ते ऐकत होती. त्या दिवशी तिनं भाकरी तव्यावर जळू दिली, एवढं मला आठवतं. तुला तेव्हा त्याचा अर्थ कळला नसेल.

आबांबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. फोटोला हार आहे, बापाचं श्राद्ध होतं, पण गोष्ट होत नाही. तू इतका लहान होतास की तुझ्याजवळ आबांचं फारसं काही नसेल, म्हणून माझ्याजवळचं थोडं देते. आबा कामावरून आले की मागच्या दारी बसायचे. मी तांब्यानं पाणी घालायची आणि ते कपड्याची पावडर नि लाकडाचा भुसा एकत्र करून हात चोळायचे. काळं पाणी मेथीच्या वाफ्यापर्यंत वाहत जायचं आणि आई ओरडायची. हात स्वच्छ झाले की आबा ते माझ्या गालांना लावायचे, तरी डिझेलचा वास यायचाच. मला तो वास आवडायचा. अजूनही पेट्रोलपंपावर उभी राहिले की मला आधी आबा आठवतात. दसऱ्याला ते सगळे पाने, पकडी, जॅक धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दिवसभर एकाही पान्याला हात लावायचे नाहीत. कुणाची गाडी रस्त्यात अडली तरी नाही. म्हणायचे, आज यांची सुट्टी.

आबा गेले त्या दिवशी काय झालं हे तुला गावातून तुकड्यातुकड्यानं कळलं असणार. मी सरळ सांगते. कारखान्याकडे जाणारा ट्रक आपल्या फाट्यावर बंद पडला होता. ट्रक नवलकाकांचा. आबांचा जिवाभावाचा दोस्त, घरचाच माणूस. आबा खाली गेले, काका वर केबिनमध्ये बसले. गाडी गिअरमध्ये होती, चाकाला ठोकळा नव्हता. काकांना वाटलं, गाणी लावावीत, आबांनाही बरं वाटेल. त्यांनी चावी फिरवली. ती जरा जास्त फिरली. गाडी हिसका मारून पुढे आली. एवढंच. कुणाचं वैर नाही, कुणी दारू प्यायलेलं नाही. दोस्ताला गाणं ऐकवायचं होतं. नवलकाका अजून पपईची तोड झाली की टोपली घेऊन येतात, ओट्यावर ठेवतात, खाली मान घालून पाणी पितात नि जातात. आई ती पपई चिरते, शेजारी वाटते, स्वतः खात नाही. तिनं त्यांना कधी एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. फक्त एकदा, मी नोकरीला लागले त्या दिवशी, आबांच्या फोटोकडे बघत मला म्हणाली होती, "चावी त्येसना खिसामा ऱ्हाती ते..." आणि मग पुढचं गिळून टाकलं.

म्हणून होळीनंतर तू जोसेफभाऊंच्या गॅरेजवर गेलास, डंपर आणि पोकलेनची कामं शिकतोय म्हणालास, तेव्हा तिनं तुला अडवलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं होतं. तिला वाटलं असावं, उन्हाचे चटके बसले की पोरगा आपोआप येईल. तू आला नाहीस. उलट मंगळवारी फोनवर म्हणालास की मी मामांना नकार देणार, मला मोठ्या गाड्यांचाच मिस्तरी व्हायचंय, जोसेफभाऊ कायमचं ठेवून घ्यायला तयार आहेत. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली. पाय चालत होते, सुईखाली कापडच नव्हतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आले म्हणून बरं. आई एकटी असती तर तिनं काय केलं असतं कोण जाणे.

बुधवारी सकाळी अंगणात ज्वारीच्या बिबड्यांचे पापड वाळत घातले होते. तुळशीबाईंना राखायला बसवलं आणि आई मला म्हणाली, "चाल. त्याले कान धरी लई येऊत." मी खूप समजावलं. सोमवारपर्यंत थांबू या म्हटलं, पोरगा मोठा झालाय म्हटलं. ऐकते कुठली! नंदुरबारला गाडी बदलली. नवापूर येईपर्यंत ती पदराच्या टोकाला नुसत्या गाठी मारायची आणि सोडायची. मला आतून एकच भीती, हिनं तुझ्या उस्तादासमोर, गिऱ्हाइकांसमोर तमाशा केला तर तू पुन्हा घरी पाऊल टाकायचा नाहीस.

तुमच्या गॅरेजच्या समोरच्या रसवंतीत आम्ही बसलो होतो, चंदू. होय, आम्ही आलो होतो. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण आम्हाला कुणी ओळखलं नाही. आई रस्ता ओलांडायला उठलीच होती, तेवढ्यात तू त्या पिवळ्या डंपरच्या पुढे पुठ्ठा अंथरलास. आईनं माझं मनगट धरलं, तिची बोटं अजून तिथं उमटलेली आहेत असं वाटतं. तू वाकलास, आणि मग थांबलास. उठून ड्रायव्हरकडे गेलास, हात पुढे केलास. तो हसला, मोठ्यानं म्हणाला, आम्हाला पलीकडे ऐकू आलं, "गाडी बंद शे ना भो, चावी कसाले जोयजे तुले?" तू नुसता हात पुढे करून उभा राहिलास. त्यानं चेष्टा केली, बाकीचेही हसले, तुझे कान लाल झालेले मला दिसले. पण हात खाली आला नाही. शेवटी त्यानं चावी दिली. तू ती खिशात टाकलीस, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेस, आणि मग खाली शिरलास. आई रसाच्या पेल्याकडे बघत हळूच म्हणाली, "मांगी लिधी त्यानी."

मला वाटलं, झालं, आता ही शांत होईल. पण तू आडवा होऊन सरकलास आणि लगेच पुन्हा बाहेर आलास, हातानं माती चाचपायला लागलास. आईनं माझ्याआधी ओळखलं. "पडी गयी," म्हणाली. पँटच्या खिशातून घसरली असणार. तू ती शोधलीस, शर्टाला पुसलीस, आणि दातांत धरून परत आत गेलास. तू बाहेर येईपर्यंत आम्ही बसून होतो. रसवाला दोनदा येऊन बघून गेला. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, सगळं फेडायचं म्हटलं तर प्रकाशा गावच्या महादेवाच्या खूप वाऱ्या कराव्या लागतील. तू काळ्या तोंडानं बाहेर आलास, चावी ड्रायव्हरच्या हातावर ठेवलीस, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसलास. घरी तुला असं हसताना मी कधी पाहिलेलं नाही. आई उठली. "चाल, यष्टी चुकी जाई," म्हणाली, आणि कान न धरताच आम्ही परतलो.

माझी भीती गेलीय असं समजू नकोस. तुझा फोन वेळेवर आला नाही की मी हातातलं काम टाकून फोनजवळ बसते, आणि बसतच राहणार. तू वायरमन झाला असतास तरी बसले असते, हेही मला आता कळलंय. तू दमलेला असशील, घाई असेल, समोर ओळखीचा, घरचा माणूस असेल, त्याच्याकडे चावी मागायला लाज वाटेल. नेमकं त्याच्याकडेच माग. दोस्त असेल तर आधी माग.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आईनं लिहायला लावलं. बुधवारी घरी आल्यावर ती कपाटातून जाड निळं कापड काढून मशीनवर बसली. काल संध्याकाळी उठली आणि मला म्हणाली, "त्याले लिखी दे, कसा वापराना ते." दुसरं काही लिहायला तिनं सांगितलेलं नाही, वरचं सगळं माझं आहे. सोमवारी मामांना काय सांगायचं ते तिला फोन करून विचारू नकोस, ती तोंडानं हो म्हणणार नाही, तिला ते जमायचं नाही. आता पिशवीची गाठ सोड. कामाचे दोन जोड आहेत. दोन्हींच्या शर्टाला डाव्या छातीवर खोल खिसा आहे, वर झाकण, झाकणाला दोन बटणं, आणि शिवण तिनं तिहेरी घातलीय. गाडीखाली शिरण्याआधी चावी त्यात टाकायची आणि दोन्ही बटणं लावायची. तिनं स्वतः तो शर्ट अंगात घातला, खिशात घराची चावी ठेवली, बटणं लावली आणि जमिनीवर आडवी होऊन या कुशीवरून त्या कुशीवर लोळून पाहिलं. चावी पडली नाही.

तुझीच,
रोहिणीताई